अँटेनाची बहिरी बाजू

अँटेना ओढत नाही. सिंहगडावरच्या दूरदर्शन केंद्राकडे तोंड केलेले अँटेना पुण्याच्या गच्च्यांवर दाटीनं उभे होते त्या काळात मी ते बसवायचो, आणि घरोघरी हेच ऐकायचो: हा चांगला ओढतो, शेजाऱ्यांचा ओढत नाही. काड्या जास्त तेवढी ओढ जास्त, असा सरळ हिशेब. खरं तर त्या ॲल्युमिनियमच्या पाइपांत ताकद वाढवणारं काहीच नसतं. कणकेचा गोळा तेवढाच. एकीकडे ताणला की दुसरीकडे आखडतो. पुढे हॅम रेडिओचा परवाना काढून स्वतः अँटेना बनवू लागलो, तेव्हापासून नवा अँटेना हातात आला की त्याला काय ऐकू येत नाही, ते मी आधी बघतो.

काड्यांच्या अँटेनाची ही रचना १९२६ सालची, जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातली. काम बरंचसं शिंतारो उदा यांचं, पण जगानं नाव उचललं ते त्यांचे वरिष्ठ हिदेत्सुगु यागी यांचं. निदान या धंद्यातल्यांनी तरी ‘यागी-उदा’ म्हणावं, असं मला वाटतं.

हौशी रेडिओवाल्यांच्या १४५ मेगाहर्ट्झला लहर दोन मीटरांहून थोडी लांब असते. केबल जोडतात ती काडी, म्हणजे डायपोल, तिच्या निम्म्याहून किंचित आखूड: साधारण ९८ सेंटिमीटर. मागची रिफ्लेक्टर पाचेक टक्क्यांनी लांब, पुढची डायरेक्टर जवळपास तेवढीच आखूड. या दोघींना वायर लागत नाही. डायपोलच्या लहरीनं त्यांच्यातही प्रवाह उठतो आणि त्याही स्वतःची लहर सोडू लागतात. लांबीतल्या फरकामुळे लांब काडीतल्या प्रवाहाची वेळ एका बाजूला सरते, आखूड काडीतल्याची दुसऱ्या बाजूला. काड्यांमधलं अंतर नीट राखलं, तर या लहरी पुढे एकमेकींना साथ देतात आणि मागे एकमेकींना खोडतात. सिग्नल पकडताना हेच उलट्या वाटेनं घडतं. तीन काड्यांचा नीट जुळलेला अँटेना समोर एकट्या डायपोलच्या सुमारे तिप्पट देतो. मागच्या बाजूला समोरच्याच्या शंभरातला एक भाग उरला, तर मी तो अँटेना उत्तम समजतो.

समोरची बाजू फार ढिली असते. वीसेक अंश इकडेतिकडे झालं तरी मीटरचा काटा फारसा हलत नाही. बहिरी दिशा मात्र अरुंद. काड्यांची टोकं जिकडे बघतात तिकडचा आवाज जवळपास बंद होतो, आणि अँटेना जरा हलवला की परत येतो. साध्या ट्रान्झिस्टरवरही हे कळतं. पुण्यापासून थोडं लांब असाल तर ७९२ किलोहर्ट्झवर पुणे आकाशवाणी लावा आणि सेट टेबलावर ठेवून सावकाश गोल फिरवा. आतल्या फेराइटच्या काळ्या कांडीचं टोक केंद्राकडे आलं की निवेदकाचा आवाज खरखरीत बुडतो.

त्या काळी टीव्हीच्या तक्रारी दोन जातीच्या असत. मुंग्या म्हणजे सिग्नल कमी. पाइप उंच करा, काड्या वाढवा, विषय संपला. पण पडद्यावरच्या माणसाशेजारी त्याची फिकट सावली उभी राहिली तर तो रोग वेगळा. तीच लहर टेकडीवर किंवा उंच इमारतीवर आपटून उशिरा आलेली असते. ३०० मीटरचा वळसा म्हणजे एक मायक्रोसेकंद उशीर, आणि वीस इंची पडद्यावर तेवढ्यानं सावली पाऊण सेंटिमीटर उजवीकडे सरकते. इथं काड्या वाढवून भागत नाही. अँटेना सिंहगडापासून मुद्दाम थोडा वळवायचा, सावली बहिऱ्या दिशेत जाईपर्यंत. सिग्नल जरा घटतो, चित्र स्वच्छ होतं. हे घरमालकाला पटवणं जास्त अवघड. “अहो, तोंड भलतीकडेच केलंत की!”

मोबाइलच्या टॉवरवरच्या उभ्या पट्ट्यांना हे शिकवावं लागत नाही. सहसा तीन दिशांना तोंड करून, प्रत्येकीला १२० अंश वाटून दिलेले, आणि बऱ्याचदा किंचित खाली झुकवलेल्या, कारण तीच फ्रिक्वेन्सी पलीकडच्या टॉवरलाही वापरायची असते. डीटीएचची साठ सेंटिमीटरची डिश तर जेमतेम तीन अंशांत बघते. वाऱ्यानं जराशी सरकली तरी चित्र गेलं.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ-दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यांना पत्रा नाही, पोलादी तारेची जाळी आहे: वारा आरपार जातो, पण मीटरभर लांबीच्या लहरीला जाळीची भोकं जाणवतही नाहीत. एवढ्या मोठ्या डिशलाही बाजूनं थोडं ऐकू येतंच. आकाशगंगेपलीकडून येणारा सिग्नल इतका क्षीण, की हे बाजूचं थोडंही त्याला बुडवतं. माणसांचा रेडिओ-गोंगाट कमी म्हणून ती जागा निवडली होती. पण मोबाइल सगळीकडे पोचले, आणि विजेच्या तारांवर ठिणग्या उडतात त्यांचाही आवाज रेडिओवर येतो. अशी ठिणगी शोधायची तर आजही छोटा यागी-उदा हातात धरून तारेच्या कडेकडेनं चालावं लागतं. खांबाच्या अगदी जवळ गेलं की काटा सगळ्याच बाजूंना टोकाला जाऊन अडकतो. मग मध्ये सिग्नल घटवणारा अटेन्युएटर घालायचा, आणि अँटेना कुठं गप्प होतो ते बघत खांब नक्की करायचा.