पेढीवरचा अकराशे

आमच्या पेढीचं 1980 च्या सुमाराचं एक पावतीपुस्तक माझ्याकडे आहे. मथळ्याखाली डाव्या कोपऱ्यात 'तारेचा पत्ता' आणि त्यापुढे एकच शब्द. उजव्या कोपऱ्यात 'फोन : पेढी' आणि 'फोन : घर'. 2004 च्या पुस्तकापासून तिथं तिसरी ओळ आली, 'मोबाइल'. ती एक ओळ छापायला माझ्या वडिलांनी, आप्पांनी, जवळजवळ वर्षभर विचार केला होता. त्या वर्षाची आठवण दिवाळीत वह्या बाहेर निघाल्या की हमखास येते.

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची आडत. आजोबांच्या काळात भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, तोंडातून शब्द निघायचा नाही. आप्पांच्या काळात सगळा धंदा आवाजावर आला. सकाळी सौदे निघाले की इरोडला काय चाललंय, निजामाबादला आवक किती, हे कळल्याशिवाय खरेदीदार तोंड उघडायचा नाही. मी लहान असताना ट्रंक कॉल लावून आप्पा गादीवर बसून राहायचे. कॉल लागेपर्यंत मी पोत्यांवर झोपून जायचो आणि 'हॅलो, इरोड?' या ओरडण्यानं जागा व्हायचो. लायटनिंग कॉल लवकर लागायचा, पण त्याचे पैसे कित्येक पट. तो फक्त भाव पडायला लागला तरच.

31 जुलै 1995 ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्याची बातमी आप्पांनी पेढीवर मोठ्यानं वाचून दाखवली होती. पुढं दोन-तीन वर्षांत यार्डातल्या बड्या खरेदीदारांच्या कमरेला फोन दिसायला लागले. आप्पांनी मात्र घेतला नाही. लोकांना वाटायचं, खर्चाला भितात. कारण वेगळं होतं. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. आडत्याचा धंदा म्हणजे निम्म्याहून जास्त आलेले फोन. वाळव्याचा, कडेगावचा शेतकरी गावातल्या पिवळ्या बूथवरून विचारणार, "आप्पा, आज काय भाव फुटला? माल आणू का थांबू?" त्याच्याशी बोलताना आपलं मीटर चालू आहे हे डोक्यात असलं, तर आपण त्याला तोडून बोलणार. "ज्यानं माल घालायचा त्यालाच घाईनं बोलायचं? मग फोन कशाला घ्यायचा?" असं आप्पा म्हणायचे, आणि विषय तिथंच संपायचा.

1 मे 2003 पासून आलेले फोन फुकट झाले. त्याच आठवड्यात आप्पांनी दिवाणजींना सांगितलं, "आता बघायला हरकत नाही."

त्यांनी आधी फोन नाही, रेंज बघितली. आमची हळद त्या काळी हरिपूरच्या पेवांत असायची. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कृष्णाकाठच्या घट्ट मातीत वीस-पंचवीस फूट खोल खणलेली ती कोठारं. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. वर्षानुवर्षं हळद ठेवा, कीड लागायची नाही, रंग उतरायचा नाही. पेवावर माल काढायला माणसं गेली की पेढीशी संपर्क तुटायचा. म्हणून आप्पांनी ओळखीपाळखीतल्या तिघांचे तीन कंपन्यांचे फोन एक दिवस मागून घेतले आणि मला सायकलवर हरिपूरला पाठवलं. संगमेश्वराच्या देवळापाशी, आमच्या पेवांच्या कडेला आणि परत येताना अंकली फाट्याच्या बाजूला उभा राहून मी वहीत प्रत्येकाच्या रेंजच्या रेघा मोजून लिहिल्या. पेवाच्या कडेला बीएसएनएलच्या सर्वांत जास्त भरल्या. ही सेवा सुरू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि सिमकार्डासाठी रांगा लागत होत्या. आप्पा रांगेत उभे राहिले.

नंबर निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी जे केलं ते मी आजही कौतुकानं सांगतो. काऊंटरवर मोकळ्या नंबरांची यादी होती. त्यातले पाच-सहा त्यांनी चिठ्ठीवर उतरवून आणले आणि पेढीवर तात्यांना बोलावलं. तात्या आमचे जुने हमाल, अक्षरओळख नव्हती. आप्पांनी प्रत्येक नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून तीनदा म्हणून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पोतं उचलायच्या आधी विचारलं, "तात्या, कुठला आठवतोय?" तात्यांनी एक नंबर घडाघडा म्हटला. तोच घेतला. "ज्याला वाचता येत नाही त्याच्या तोंडात बसला पाहिजे," आप्पा म्हणाले, "बाकीचे काय, लिहून घेतील."

मग फोन. पुण्याचा माझा चुलतभाऊ रंगीत पडद्याचा, कॅमेऱ्याचा फोन घेऊन आला होता. आप्पांनी तो हातात घेऊन बघितला, छान आहे म्हणाले आणि परत दिला. त्याच पावसाळ्यात 501 रुपयांत मोबाइलची जाहिरात सगळीकडे झळकत होती आणि शेजारच्या गाळ्यात तो आलाही. आप्पांनी चौकशी केली. त्या सीडीएमए फोनात सिमकार्ड नव्हतं, नंबर फोनलाच बांधलेला. "फोन पाण्यात पडला तर नंबरही गेला? चालायचं नाही." सांगलीच्या माणसाच्या मनात पाणी कायम असतं.

2004 च्या पाडव्याला, ऐन हंगामात, आप्पा मला घेऊन मारुती रोडवर गेले. दुकानदारानं चार-पाच फोन मांडले. आप्पांनी एकेक फोन बंडीच्या खिशात टाकला आणि मला रस्त्यापलीकडच्या बूथवरून नंबर लावायला सांगितलं. बाहेर टेम्पो, रिक्षा, पाडव्याची गर्दी. त्या गोंधळात खिशातली रिंग कानाला येते का, हे पाहिलं. मग डोळे मिटून अंगठ्यानं बटणं दाबली. शेवटी खिशातून रुमाल काढला. रुमाल पेढीवरचा, हळदीनं पिवळा झालेला. तो फोनवर झटकला आणि दुकानदाराला म्हणाले, "आमच्याकडं दिवसभर हे असं. आत जाईल का?"

दुकानदारानं नोकिया अकराशे पुढं केला. 2003 च्या शेवटी शेवटी बाजारात आलेला. बटणं सुटी नव्हती, रबराची एक सलग पट्टी होती, त्यामुळे फटीतून धूळ आत जायला वाव नव्हता. कडा हातातून निसटू नये अशा खरबरीत. डोक्यावर बारीक विजेरी. एकदा चार्ज केला की आठवड्यातले तीन-चार दिवस बघायला नको. हा फोन पुढं जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपला, पण त्या दिवशी आप्पांनी तो घेतला तो धुळीसाठी. घरी आणून वह्यांशेजारी ठेवला, आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं.

फोनच्या स्वतःच्या पोटात पन्नासच नावं मावायची, बाकीची सिमवर. कार्ड बिघडलं तरी राहिलीच पाहिजेत अशी पन्नास माणसं कोणती, यावर दोन संध्याकाळी गेल्या. आप्पांच्या डायरीत चारशेच्या वर नंबर होते. मला वाटलं, मोठे खरेदीदार आधी येतील. आप्पांनी पहिली सोळा नावं पेवांचे राखणदार, ट्रकवाले, तोलाईदार आणि हमालांची टोळी बांधणाऱ्यांची सांगितली. मग इरोड, निजामाबाद, वसमतचे आडते. खरेदीदार सगळ्यांत शेवटी. "त्यांना गरज पडली की ते आपल्याला शोधतात," म्हणाले. मी रोमन अक्षरांत नावं घालत होतो आणि ते शेजारी बसून स्पेलिंगवर बोट ठेवत होते.

सहा महिन्यांत ती रबरी पट्टी पिवळी पडली. पाचचा आणि शून्याचा आकडा आधी पुसट झाला. पुसली तर वरची धूळ जायची, रंग नाही जायचा. राजापुरी हळदीचा रंग तो.

एक प्रसंग मात्र मनात घट्ट आहे. पावसाळ्याआधी एक पेव उघडलं होतं. बंद पेवात हवा राहत नाही. तोंड उघडून काही तास मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, तो तेवत राहिला तरच माणसानं उतरायचं, असा जुना रिवाज. त्या दिवशी कंदिलात रॉकेल नव्हतं. मी उत्साहानं आप्पांचा अकराशे काढला, विजेरी लावली आणि म्हटलं, "ह्याच्या उजेडात उतरू या की." तात्यांनी माझा हात धरला. "बाळ, ह्या दिव्याला हवा लागत न्हाई. माणसाला लागती. ह्यो आत बी जळंल आन् आपुन इजून जाऊ." मी सायकल मारत हरिपुरातून रॉकेल आणलं. कंदील तेवला, तात्या उतरले, आणि मग वरून मी विजेरी धरली. तिच्या एवढ्याशा उजेडात खाली हळकुंडं चमकत होती.

पुढच्याच वर्षी, 2005 च्या महापुरात, ती पेवं पाण्याखाली गेली. पेढीचा फोन मुका झाला होता. आप्पांनी मोबाइलवरून पहिला फोन लावला तो पेवांच्या राखणदाराला. "माल राहू दे. तू कुठं आहेस?" एवढंच विचारलं. तो माणूस त्या पन्नास नावांत तिसरा होता. पाणी ओसरल्यावर त्या पेवांत आम्ही पुन्हा हळद भरली नाही. हरिपूर-सांगलवाडीतली अनेक पेवं तेव्हाच कायमची गेली आणि माल गोदामांत, शीतगृहांत गेला.

धंदाही बदलत गेला. हळदीचे वायदे संगणकावर आले तेव्हा भाव मिनिटामिनिटाला यायला लागले, मग व्हॉट्सअॅपवर हळकुंडांचे फोटो. आता माझ्या हातात मोठ्या पडद्याचा फोन आहे आणि त्याच्याशिवाय माझं चालत नाही. पण नवा फोन घ्यायला मी अजूनही पिवळा रुमाल घेऊन जातो, आणि बाहेर रस्त्यावर उभा राहून रिंग ऐकतो. 2011 मध्ये नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय झाली, तेव्हा कितीतरी योजना आल्या. नंबर बदलायचा प्रश्नच नव्हता.

आप्पा गेले. अकराशे गल्ल्यात आहे, बॅटरी काढून ठेवलेली. हंगामात एखादा म्हातारा शेतकरी फोन करतो आणि विचारतो, "आप्पा हायत का?" मी म्हणतो, "बोला मामा, मी त्यांचा मुलगा," आणि तो भाव विचारतो. मी सावकाश सांगतो.

तात्यांचा नातू आता आमच्याकडं तोलाईला असतो. नवीन शेतकऱ्यानं पेढीचा नंबर मागितला की तो कार्ड देत नाही. दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून, आजोबांच्याच चालीत, तोंडानं सांगतो.