पिसांची माशी

गळाला माशी बांधतात ती खरी माशी नव्हे. आकड्यावर पीस, लोकर, रेशीम आणि जर गुंडाळून ती घडवतात. सिअॅटलला मुलाकडे असताना त्याच्या शेजाऱ्यांच्या टेबलाशी बसून मी हे पाहिले. फोर्क्स गावच्या सिड ग्लासो यांचे नाव निघाले आणि ते शाळामास्तर होते हे कळताच मी खुर्ची पुढे ओढली. (शेवटी आमच्याच जातकुळीचा माणूस!)

स्टीलहेड समुद्रात वाढून जन्मनदीत परततो. नदीत आल्यावर तो फारसे खात नाही. त्याला भुलवायचे नसते, डिवचायचे असते. ग्लासोंनी स्कॉटलंडमधल्या स्पे नदीची जुनी रीत या माशासाठी वळवून घेतली. त्यांची ‘ऑरेंज हेरॉन’ म्हणजे नारिंगी अंग, त्यावर चंदेरी जरीचे वेढे आणि प्रवाहात श्वास घेतल्यागत हलणारी बगळ्याची लांब पिसे. अमेरिकेत आता बगळ्याला कायद्याचे संरक्षण आहे. फेझंटच्या पिसांवर भागवतात.

प्युजेट साउंडचा स्टीलहेड २००७पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे. नदीतच जन्मलेला मासा लागला, तर सोडून द्यायचा.

“खायचाच नाही, तर तासभर मान मोडायची कशाला?” सौ.ने विचारले. मी ते इंग्रजीत सांगितले. शेजारी हसले आणि रेशमाचे रीळ त्यांनी तिच्याच हाती धरायला दिले.