शेतनोंद : शिवरस्ता, दोन ग्रामपंचायती आणि मधली कॉलर



परवा उसाची भरलेली ट्रॉली फडातून बाहेर निघतानाचा फोटो टाकला होता. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, रस्ता कुणी केला, कुठल्या योजनेतून, आमदार निधी का खासदार निधी. तिघांनी तर खाली "अभिनंदन सरपंच" लिहिलं. मी सरपंच नाही, सदस्यही नाही. म्हणून ही नोंद. जरा लांबली आहे, निवांत असाल तेव्हा वाचा.

कुर्डुवाडीपासून गाडीवर पंचवीसेक मिनिटांवर आमचं रान. गावांची नावं टाकत नाही, दोन्हीकडं पाहुणे आहेत. दोन गावांच्या शिवेवरून पावणेदोन किलोमीटरचा रस्ता जातो. अलीकडची रानं आमच्या गावात, पलीकडची शेजारच्या. जुन्या गावनकाशावर तो दुबार तुटक रेषेनं दाखवलाय. अशा हद्दीच्या रस्त्याची रुंदी तीस-तेहतीस फूट धरतात आणि तो कुठल्याच गटात मोडत नाही. म्हणजे निम्मी रुंदी आमची, निम्मी त्यांची, आणि खड्डे कुणाचेच नाहीत.

माझं रान पाच एकर. साडेतीन रस्त्याच्या अलीकडं, दीड पलीकडं. त्यामुळं माझे आठ-अचे उतारे दोन निघतात. कधी बघितलं नसेल तर बघा, आठ-अ वर जमीन महसुलाच्या शेजारी स्थानिक कर म्हणून जिल्हा परिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा रकाना असतो. रक्कम किरकोळ, दोन चहाची. पण मी कर दोन गावांत भरतो आणि मत एकाच गावात देतो. सगळं घोडं तिथंच अडतं. शिवेवर रानं असतात, मतदार नसतात.

मागच्या हंगामात टोळी आली, मुकादमानं रस्ता बघितला आणि म्हणाला, "मालक, हितनं गाडी निघायची न्हाय. आधी दुसरा फड करतो, वाळलं की येतो." आला तो मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर उसाला तुरे येऊन वाळले होते. तीन एकर खोडवा होता. माझ्या अंदाजानं एकरी आठ टन वजन गेलं. टनाला २,८०० धरा, सदुसष्ट हजार झाले. खुशाली आणि गाडी ओढायला लावलेला दुसरा ट्रॅक्टर यात धरलेला नाही.

त्यानंतर २०२५ चा सप्टेंबर. सीनेला पूर आला, माढा तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्यात गेली, ते सगळ्यांनी बघितलं. आमचा भाग नदीवर नाही, पण शिवेवरचा ओढा असा फुगला की रस्त्यावरची जुनी मोरी पाईपासकट गेली. दूधवाले पाच दिवस डेअरीकडं फिरकू शकले नाहीत. वस्तीवरची शाळेत जाणारी पोरं दहा दिवस घरी.

आता दोन सरपंचांचं ऐका. आमचे म्हणाले, "निम्मा रस्ता त्यांचा हाय, निम्मं पैसं त्यांनी टाकावं, उद्या काम सुरू." पलीकडचे म्हणाले, "रस्ता निम्मा आमचा आसंल, पण वापरतंय कोण? सगळा ऊस तुमच्या लोकांचा. आमच्या पेठेतली मोरी सोडून तुमच्या उसासाठी पैसं टाकलं तर ग्रामसभेत मला कोण सोडंल?"

मी पलीकडच्या सरपंचांना चार-पाच वर्षं शिव्या दिल्यात, चारचौघांतही दिल्यात. म्हटलं, एकदा खरंखोटं करूच. दोन्ही गावांचे सातबारे काढले, रस्त्याला लागणारे गट धरले, मालक कुठल्या गावचा ते लिहिलं. एकूण १४० एकर भरलं. त्यातले ९८ एकर आमच्या गावच्या लोकांचे निघाले आणि ४२ त्यांच्या. पलीकडच्या शिवेतसुद्धा बरीच रानं आमच्याच लोकांनी विकत घेतलेली, त्यात माझं दीड एकर आलंच. म्हणजे माणूस खरं बोलत होता. हे गावात येऊन सांगितलं तर आमचेच लोक म्हणाले, "तू कुणाकडनं हाईस?"

पण नुसत्या एकरावरही भागत नव्हतं. पुतण्याला दोन दिवस ओढ्याजवळच्या लिंबाखाली वही देऊन बसवला. उसाचा हंगाम सुरू व्हायचा होता, तरी पोरगं सकाळपासून रेघा मारत होतं. दुधाच्या गाड्या, किराणा-बाजाराला कुर्डुवाडीला जाणारे, दवाखान्याचे, निम्म्याहून जास्त पलीकडच्या गावचे, कारण त्यांना डांबरीला यायला हाच जवळचा रस्ता. आमच्या वस्तीवरची पोरं उलट त्यांच्या गावच्या शाळेत जातात. म्हणजे ऊस बघितला तर रस्ता आमचा आणि दूध बघितलं तर त्यांचा.

सरकारी पैशाचंही थोडं सांगतो, कारण "ग्रामपंचायतीला एवढा निधी येतो, जातो कुठं" हा प्रश्न दर नोंदीखाली येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला आणि १० जिल्हा परिषदेला अशी वाटणी होती. ग्रामपंचायतीकडं आलेल्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. उरलेल्या ४० मध्ये रस्ते, दिवे, शाळा, अंगणवाडी, सगळं. हा निधी मुख्यतः लोकसंख्येवर येतो. शिवेवर लोकसंख्या किती? माझी दोन बैलं धरली तर जरा वाढेल. दोन गावांच्या मधी पडून मेळ घालायचा तो जिल्हा परिषदेच्या सदस्यानं. सोलापूर जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं वर्षानुवर्षं प्रशासकच होते. साहेब लोक कागद बघतात, पण चिखलात उभं राहून दोन सरपंचांना एका गाडीवर बसवायचं काम सदस्याचं असतं.

पाणंद रस्त्याच्या योजनेतही आम्ही बसलो नव्हतो, आणि का ते आत्ता कळलं. २०२१ ला मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली तेव्हा आमच्या गावानं आराखड्यात "ओढा ते वस्ती" असा तुकडा टाकला. त्यांनी "वस्ती ते डांबरी" टाकला. एकाच रस्त्याला दोन नावं, दोन लांब्या, आणि मधला सहाशे मीटरचा काळ्या मातीचा चिखल कुणाच्याच यादीत नाही.

कायद्यात सोय नाही असं नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात दोन किंवा जास्त स्थानिक संस्थांनी मिळून संयुक्त समिती नेमायची तरतूद आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जिल्हा नियोजन समिती आणली, तिनं पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक गोष्टींचा, पाणीवाटपाचा, रस्त्यांसारख्या सोयींचा एकत्र विचार करायचा असं घटनेतच लिहिलंय. आमच्या दोन्ही ग्रामसेवकांना संयुक्त समितीचं विचारलं. दोघांनीही नोकरीत अशी समिती बघितलेली नाही.

कधी कधी वाटतं, आपलं कुर्डुवाडी उभंच राहिलं ते असल्या जोडाजोडीवर. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे निघाली, अडीच फुटी रूळ, तेव्हा कुर्डुवाडीच्या स्टेशनाचं नाव बार्शी रोड होतं. पुढं ती गाडी १९११ ला लातूरला गेली आणि लातूर त्या वेळी निजामाच्या राज्यात. इंग्रजाच्या मुलखातून निजामाच्या मुलखात रूळ गेले, आणि आम्हाला दोन ग्रामपंचायतींमधून मुरूम नेता येईना. अर्थात तिथं कंपनीला नफा दिसत होता. इथं कुणाला काय दिसणार?

शेवटी तोड निघाली ती सामाईक विहिरीवरून. पलीकडच्या गावात एक नाना आहेत, सत्तरीचे. माझ्या दीड एकराला त्यांच्याच सामाईक विहिरीचं पाणी आहे, चौघांची पाळी. बैठकीत तेच म्हणाले, "हिरीचं लाइटबिल आपण तासावर वाटतो का न्हाई? ज्याची मोटार जास्त चालली त्यो जास्त देतो. पण हिरीतला गाळ काढायचा म्हटलं की चौघं सारखं. मग हितं काय येगळं हाय?"

तसंच केलं. मुरूम, जेसीबी, रोलर हे उसाच्या ओझ्यासाठी, ते एकरावर. मोरी सगळ्यांची, ती दोन गावांत निम्मी-निम्मी.

हिशेब टाकतो, म्हणजे कुणाला उपयोग होईल. सहाशे मीटरला १५० ब्रास मुरूम, रॉयल्टी आणि वाहतुकीसकट १,४०० च्या भावानं २ लाख १० हजार. जेसीबी २२ तास, तासाला १,२००. रोलर धरून सगळं २ लाख ४८ हजार झालं. एकरी १,८०० ठरवले. १४० एकराचे २ लाख ५२ हजार व्हायला पाहिजेत. अकरा एकराचे अजून आलेले नाहीत, त्यामुळं मुरूमवाल्याचे १५,८०० थांबलेत. कुणाचे थांबले ते इथं लिहिणार नाही, पण ते ही नोंद वाचतात. परवानगी आधी काढली, पावत्या जपून ठेवल्यात. सप्टेंबरात कुर्डूच्या मुरमाचा विषय देशभर गाजल्यापासून आमच्या भागात मुरूम म्हटलं की माणूस आधी मागं वळून बघतो.

मोरीची मजा वेगळीच. पाईप रस्त्याला आडवे पडतात, म्हणजे हद्द बरोबर पाईपांच्या मधून जाते. दोन ओळी, प्रत्येक ओळीत अडीच मीटरचे दोन पाईप. प्रत्येक ओळीतला एक पाईप आमच्या हद्दीत, एक त्यांच्या. हे ग्रामसेवकांना फार आवडलं, कारण प्रत्येक गावाचं बिल आपापल्या हद्दीतल्या कामाचं झालं, सोळा-सोळा हजार, कागद स्वच्छ. पण दोन पाईप जोडायला मधी कॉलर लागते. ती नेमकी शिवेवर. कॉलर आणि तिचं सिमेंट कुणाच्या बिलात, यावर ओढ्यात उभं राहून अर्धा तास वाद. मिस्त्री कंटाळला. म्हणाला, "दोनी कॉलर माझ्याकडनं घ्या, पर हात चालवू द्या." बिलात कॉलर नाही. मोरी बघायला आलात तर ती मिस्त्रीची आहे हे ध्यानात असू द्या.

आता जे सांगायला जड जातंय ते. जेसीबी यायच्या आदल्या दिवशी टेप धरला. नकाशात तेहतीस फूट, जागेवर बहुतेक ठिकाणी पंधरा-सोळा, आणि माझ्या रानासमोर अकरा. माझ्या ताली रस्त्यात सरकल्यात. वडलांनी सरकवल्या का मी, हे खरंच सांगता येत नाही. दर दोन-तीन वर्षांनी नांगरताना वीतभर पुढं गेलो असणार. सगळे गप्प उभे. पलीकडचे सरपंच तर काहीच बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं झालं असतं. रस्ता बारा फूट मोकळा करून बाजूला चारी काढायची ठरली होती. त्यात माझ्या दोन सऱ्या जात होत्या, उभा ऊस, कमरेच्या वर.

बायको म्हणाली, "पाच वर्सं त्यांना शिव्या दिल्या ना? द्या की मग." दोन्ही सऱ्या दिल्या. ऊस कापून जनावरांना घातला. माझ्या पुढं आणखी चौघांचे बांध रस्त्यात होते, त्यांनी त्याच दुपारी मागं घेतले. एकानं घेतला नाही. तिथं रस्ता अजून नऊ फुटांचाच आहे आणि भरलेली ट्रॉली तिथून जाताना मी श्वास धरतो. त्याच्यावर मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्यानं अर्ज करता येतो, पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. अडवणूक केव्हा झाली म्हणून लिहायचं? त्याच्याही वडलांनीच केली असेल.

दोन्ही ग्रामसभांनी आता आराखड्यात एकच नाव आणि एकच लांबी टाकलीय, पावणेदोन किलोमीटर. ठरावाच्या नकला एकमेकांना दिल्यात. खडीकरण होईल तेव्हा होईल. दर उन्हाळ्यात दुरुस्तीला एकरी दोनशे काढायचे असं बैठकीत ठरलंय, वहीत लिहिलंय, सही मात्र निम्म्यांचीच आहे. मुरूम एक पावसाळा काढतो का तेही बघायचंय, काळ्या रानात तो खाली जिरतो.

टोळी आज तिसऱ्या दिवशी फडात आहे. चौदा खेपा गेल्या, एकही ट्रॉली रुतली नाही. वाडं न्यायला पलीकडच्या गावची माणसंपण येतात, या रस्त्यानंच.

तुमच्याकडं शिवरस्त्याचा खर्च दोन गावांनी कसा वाटला ते खाली लिहा. आणि ठरावाचा नमुना कुणाला हवा असेल तर सांगा, फोटो काढून टाकतो.