रेषांमागच्या ओव्या

उमापूरच्या घरी आईला जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत होत्या. २००३ साली एम. ए. करत असताना मी त्या वहीत उतरवून घेतल्या आणि पुढे गेवराईत संगणकावर टंकून घेतल्या. यथावकाश वही वाळवीने खाल्ली, २०११ साली आई गेली. उरली ती एक फाइल, तीही जुन्या, युनिकोडबाह्य फाँटमधली.

गेल्या दिवाळीत ती उघडेना. संगणक शिकणाऱ्या भाच्याने लिनक्सच्या टर्मिनलवर 'कॅट' आज्ञा देऊन ती सरळ पडद्यावर ओतली. अगम्य चिन्हांचा लोंढा वाहिला, यंत्र दोन-तीनदा किणकिणले. त्यानंतर भाचा जे टंकी, ते अक्षरांऐवजी आडव्या-उभ्या रेषांत उमटू लागले. माझ्या पोटात गोळा आला.

"मामा, फाइलला काही झालेलं नाही," तो म्हणाला. मग त्याने उलगडा केला. १९६०च्या दशकात ठरलेल्या 'आस्की' संकेतावलीत पहिले ३२ अंक अक्षरांचे नाहीतच, ते आज्ञांचे आहेत. ७ म्हणजे घंटा वाजव. ही टेलिप्रिंटरच्या काळातली सोय. १४ म्हणजे दुसरा अक्षरसंच घे. १९७८च्या व्हीटी-१०० टर्मिनलपासून रूढ झालेल्या एका संचात रोमन लहान अक्षरांच्या जागी चौकटीच्या रेषा असतात. आमची फाइल निव्वळ मजकुराची नव्हती; तिच्यातले मांडणीचे अंकही टर्मिनलने संहिता म्हणून वाचले आणि आज्ञा म्हणून पाळले.

वाचायचे काय आणि पाळायचे काय, हा विवेक नसलेला वाचक मी प्रथमच पाहत होतो. वर्गात संहिता आणि वाचक यांवर मी वर्षानुवर्षे बोलत आलो आहे. असा वाचक मात्र कल्पिला नव्हता.

भाच्याने 'रिसेट' हा शब्द टंकला. पडद्यावर त्याच्याही रेषाच उमटल्या. पण यंत्राला शब्द नीट कळला होता. पडदा पूर्ववत झाला. बिघडले होते ते केवळ दिसणे.

पुढे तो जुना फाँट एका स्नेह्याकडे सापडला आणि ओव्या दिसू लागल्या. एका ओवीतला एक शब्द तेवढा लागत नाही. टंकताना चुकला, की मीच चुकीचा ऐकला, हे आता कोणाला विचारणार? युनिकोडमध्ये उतरवताना मी तो तसाच ठेवला आहे.