नियमात जागा होती



आज माझीच एक चूक सांगते. आमची सूनबाई रसायनशास्त्रात एमएस्सी आहे. नातू शाळेत जाऊ लागला तेव्हा ती म्हणाली, "आई, मला पीएचडी करायची आहे." मी भाजी निवडत होते. वर न बघताच म्हणाले, "आता बत्तिसाव्या वर्षी तुला कोण घेणार?"

ती गप्प बसली. संध्याकाळी सामायिकाला बसले, तर माझंच वाक्य कानात घुमत होतं. प्रश्न तिच्या वयाचा नव्हताच, माझ्या सोयीचा होता.

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "नियम काय आहेत ते दाखव बघू." तिने सगळं आधीच वाचून ठेवलं होतं. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेत जेआरएफसाठी महिलांना वयात पाच वर्षांची सवलत आहे. मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला सहा वर्षं, महिलांना आणखी दोन, शिवाय बाळंतपण-संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. नियमात जागा होती. नव्हती ती आमच्या घरात.

परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात निघाली. मग गाईड शोधायचे. आधी तिने एकच ईमेल वीस जणांना पाठवला. एकाचंही उत्तर नाही. मी म्हटलं, "अगं, नुसती पत्रिका पाठवली तर कोण येतं? घरी जाऊन नाव घेऊन बोलवावं लागतं." मग तिने एकेका प्राध्यापकांचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचले आणि त्यांच्या कामात आपण काय करू शकतो ते चार ओळींत लिहिलं. सहापैकी दोघांनी बोलावलं.

होकार देण्याआधी तिने तिथल्या जुन्या विद्यार्थिनींना फोन केले. गाईड वेळ देतात का? किती वर्षं लागतात? आपल्या मुलींनी आणखी एक विचारावं, प्राण्यांवर प्रयोग करावे लागतात का? आधी विचारलं तर पुढे मन खात नाही. तिचं काम पाणी शुद्धीकरणाचं आहे.

ज्यांच्या लेकीसुनांची पीएचडी झाली आहे, त्यांच्यासाठीही वाटा आहेत. भारत सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची खास महिलांसाठी वाइज-पीडीएफ आहे. युरोपची मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप पीएचडीनंतर आठ वर्षांपर्यंतच्या संशोधन अनुभवासाठी आहे. त्यात मुलांसाठी घरी थांबलेली वर्षं मोजत नाहीत. युरोपातल्या जागा युरॅक्सेस या संकेतस्थळावर बघता येतात.

आता सूर्यास्ताआधीचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. सूनबाई सातला येते, म्हणून तिचा संध्याकाळचा डबाही सकाळीच भरते. परवा नातवाने विचारलं, "आजी, मम्मी अजून शाळेत जाते?" म्हटलं, "हो रे. आणि मी तिचा डबा भरते."