खंडवेवाला

किशोरकुमार रंगमंचावर आला की स्वतःची ओळख 'किशोरकुमार खंडवेवाला' अशी करून द्यायचा. लोक हसायचे. आडनावाच्या जागी एका रेल्वे जंक्शनचे नाव, हा त्यांना त्याच्या अनेक चाळ्यांपैकी एक वाटायचा. आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना मात्र त्यात नवल वाटत नाही. आमच्या अदबाची ही जुनी रीत आहे. मजरूह सुलतानपुरी, साहिर लुधियानवी, शकील बदायुनी, हसरत जयपुरी. शायर पोटासाठी मुंबईला गेला, पण जाताना गाव नावाच्या शेवटी बांधून घेऊन गेला. मराठी माणूसही तेच करतो, फक्त तो 'कर' लावतो.

आम्ही रावेरचे. भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसले की सावदा, रावेर, बुऱ्हानपूर आणि मग खंडवा. भुसावळ ते खंडवा सव्वाशे किलोमीटर. त्यामुळे किशोरकुमार आम्हाला परका कधी वाटलाच नाही. तो आमच्याच लाईनीवरचा.

वडील कुंजलाल गांगुली खंडव्याला वकिली करायचे. 4 ऑगस्ट 1929 रोजी तिथे मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले आभासकुमार. पुढे तो इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकला. तिथल्या कँटीनमध्ये त्याच्या नावावर पाच रुपये बारा आणे उधारी राहिली आणि तोच आकडा 'चलती का नाम गाडी' (1958) मधल्या गाण्यात आला, असे सांगतात. सोळा आण्यांचा रुपया कसा, हे मुलांना समजावताना हा किस्सा आमच्या फार कामी येतो. 'हाफ टिकट' (1962) मध्ये तो अर्ध्या तिकिटासाठी हाफ पँट घालून लहान मुलगा होतो आणि एका गाण्यात पुरुषाचा आणि बाईचा असे दोन्ही आवाज स्वतःच काढतो. 'पडोसन' (1968) मधला त्याचा पान खाणारा गुरू तर घराघरात ठाऊक आहे. आज लोक त्याला मुख्यतः गायक म्हणून ओळखतात. आमच्या वर्गात त्याची ओळख हसवणारा म्हणून आहे.

2023 साली आम्ही तीन शिक्षकांनी किरकोळ रजा टाकली आणि 4 ऑगस्टला खंडवा गाठले. शुक्रवार होता. जुम्याची नमाज तिथल्याच एका मशिदीत अदा केली आणि इंदूर रोडवरच्या समाधीकडे निघालो. तिथे ठिकठिकाणचे लोक आलेले. जो तो त्याच्या आवाजात गायचा प्रयत्न करीत होता आणि चुकला तर बाकीचे सांभाळून घेत होते. फुले होतीच, पण समाधीपुढे दूध-जिलेबी ठेवलेली होती. सगळे सोडून खंडव्याला जाऊन राहायचे आणि दूध-जिलेबी खायची, असे तो म्हणायचा. गावाने तो शब्द धरून ठेवला आहे. अनेक मोठ्या माणसांच्या पुण्यतिथ्या आम्ही पाहिल्या, भाषणे ऐकली. पण माणसाच्या आवडीचा खाऊ त्याच्यापुढे ठेवून हसत हसत त्याची आठवण काढणारे गाव हेच पहिले पाहिले. एकाने न विचारता जिलेबीचा द्रोण आमच्याही हातात दिला.

न विचारता, हे मुद्दाम लिहितो. घर भाड्याने पाहायला जा, गाडीत शेजाऱ्याशी बोला, आमचे नाव कळले की पुढचा प्रश्न येतो, 'कुठले तुम्ही?' रावेर म्हटले की पुन्हा प्रश्न, 'ते झालं, पण मूळचे कुठले?' आमच्या आजोबांची कबर रावेरला, पणजोबांची रावेरला. त्याच्याही मागचे मूळ कुठून आणावे? विचारणाऱ्याच्या मनात वाईट असतेच असे नाही. पण उत्तर देताना दरवेळी आपण गावात पाहुणे असल्यासारखे वाटते.

समाधीपुढे उभे असताना वाटले, गांगुली घराणे तर बंगालचे. मूळच सांगायचे तर त्याला बंगाल सांगता आले असते आणि मान मोठाच मिळाला असता. त्याने सांगितले खंडवा. जिथे जन्मला, ज्या गल्लीत खोड्या केल्या, ते त्याचे मूळ. त्यासाठी त्याला कोणाचा दाखला लागला नाही. 1985 साली एका मुलाखतीतही त्याने मुंबई सोडून खंडव्याला जायची इच्छा बोलून दाखवली होती. जिवंतपणी ते जमले नाही. 13 ऑक्टोबर 1987 रोजी तो मुंबईत गेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कार खंडव्यात झाले.

मध्य प्रदेश सरकार 1997 पासून त्याच्या नावाने राष्ट्रीय सन्मान देते. पहिले मानकरी हृषीकेश मुखर्जी. पुढे कैफी आझमींनाही तो मिळाला. आझमगढ नावात घेऊन फिरणाऱ्याला खंडवा नावात घेऊन फिरणाऱ्याचा सन्मान, हे आम्हाला फार शोभून दिसले. बॉम्बे बाजारातले गांगुलींचे जुने घर मात्र आम्ही पाहिले तेव्हा पडायला आले होते. तिथे स्मारक व्हावे असे गावकऱ्यांना वाटते. व्हायलाच हवे.

परत आल्यावर आम्ही सातवीच्या मुलांना आपापल्या नावापुढे गाव लिहायला सांगितले. रावेरी, सावदवी, बुऱ्हानपुरी अशी नावे झाली, वर्ग हसून हसून दमला. केळीच्या ट्रकवर हमाली करणाऱ्या बापाचा एक मुलगा कोरी वही घेऊन बसला होता. 'सर, जन्म सुरतचा, अब्बा उत्तर प्रदेशचे, राहतो इथे. काय लिहू?'

आम्ही त्याला खंडवेवाल्याची गोष्ट सांगितली. त्याने 'रावेरवाला' लिहिले.