शेपटीवाली कॅप्सूल

आमच्या पिढीत डोळे एकट्याला कधी आलेच नाहीत. आधी शाळेतून धाकटा घेऊन यायचा, मग चुलत भावंडं, मग काकू. आठवडा सरेपर्यंत वाड्यातलं निम्मं माणूस सकाळी चिकटलेल्या पापण्या घेऊन भिंत चाचपत मोरीकडे निघायचं. बीड, केज, अंबाजोगाई या पट्ट्यात सत्तरच्या दशकात वाढलेल्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. घर खटल्याचं, टॉवेल एक, काजळाची डबी एक. साथीला आणखी काय लागतं?

१९७१च्या साथीची गोष्ट मोठी माणसं सांगायची. ती साथ १९६९मध्ये आफ्रिकेत घानात उगवली, आणि अपोलो ११ चंद्रावर गेलं त्याच सुमाराची म्हणून तिकडे तिला अपोलोचंच नाव पडलं. दोन वर्षांत ती मुंबईत पोचली. आमच्याकडे तिची आठवण पाठोपाठच्या ७२च्या दुष्काळात मिसळून गेलीय. खडी फोडायला गेलेल्या बायांच्या डोळ्यांत कपच्या उडायच्या आणि हंडाभर पाण्यात घर चालायचं, तिथं दिवसातून चार वेळा डोळे धुवा असं कुणी कुणाला सांगायचं?

उपाय घरचेच. बाळंतीण काकूचं दूध, मध, एरंडेल, वरून काजळाचं बोट. आज हे ऐकून डॉक्टर कपाळाला हात लावतील, आणि बरोबरच आहे. मध काय नि दूध काय, डोळ्यात घालायला ते निर्जंतुक नसतं.

मग घरात ॲप्लिकॅप आली. क्लोरोमायसेटिनची, शेपटीवाली मऊ कॅप्सूल. मेडिकलवाला कागदाच्या पुडीत सुटी बांधून द्यायचा. १९४७मध्ये व्हेनेझुएलाच्या मातीतल्या जंतूपासून मिळालेलं औषध केजच्या वाड्यातल्या कोनाड्यात येऊन बसलं होतं, हे तेव्हा आम्हाला कुठलं माहीत! माय आधी साबणानं हात धुवायची. उकळून कोमट केलेल्या पाण्यात जुन्या धोतराची चिंधी भिजवून चिपडं पुसायची, नाकाकडून कानाकडे, आणि प्रत्येक डोळ्याला चिंधी वेगळी. “डोळे कशाला चोळायलास रे? वर बघ, आढ्याकडं.” खालची पापणी ओढून आतल्या लाल खाचेत मलमाची बारीक रेघ सोडायची. कॅप्सूलचं टोक ना पापणीला लागायचं ना बुबुळाला. मग डोळे मिटून आतल्या आत फिरवायचे. घटकाभर सगळं धुरकट दिसायचं, म्हणून मलम शक्यतो झोपताना. थेंबही दिलेले असले तर थेंब आधी, आणि पाच-दहा मिनिटांनी मलम. आजचा डोळ्यांचा डॉक्टर याहून वेगळं काही सांगत नाही.

मला ती कॅप्सूल आजही हुशारीची वाटते. एकदा पुरेल एवढंच मलम. कापा, लावा, फेका. पण काटकसर आमच्या हाडात. उरलेलं अर्धं कोनाड्यात जायचं आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या डोळ्यात. पुढे ट्यूब आली आणि मोकळं रानच मिळालं. एकच ट्यूब चौघांत फिरायची, तिचं नळकांडं पापणीला घासायचं आणि एकाच्या डोळ्यातलं दुसऱ्याच्या डोळ्यात रीतसर पोचायचं. तिसऱ्या दिवशी लाली उतरली की औषध बंद. उरलेलं पुढच्या पावसाळ्याला.

तरीही आम्ही बरे व्हायचो, आणि श्रेय मलमाला जायचं. खरं तर त्या साथी बहुतेक विषाणूच्या. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. डोळे आठ-पंधरा दिवसांत आपले आपणच निवळतात. घट्ट पिवळा पू, तासातासाला चिकटणारी पापणी, असा जंतूंचा प्रकार असेल तर मलमाचं खरं काम. २०२३च्या पावसाळ्यात राज्यभर पुन्हा डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला फोटो आला तो ट्यूबचाच. सवय जात नाही!

खुपऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. तिथं मलमानं खरोखर माणसांचे डोळे राखले. आजीच्या पापणीचे केस आत वळलेले होते, ते बुबुळाला टोचायचे. उन्हात बसून काकू चिमट्यानं उपटायची. देशानं खुपऱ्यांविरुद्धचा कार्यक्रम १९६३मध्ये सुरू केला. टेट्रासायक्लिनचं मलम दिवसातून दोनदा, सहा आठवडे. मधे सोडायचं नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्या हटल्याचं मान्य केलं. आजी ते पाहायला नव्हती.

आणि ऊसतोड. दिवाळी झाली की आमच्या भागातल्या टोळ्या कोयते बांधून पश्चिमेला निघतात. वर्गातली निम्मी पोरं तेव्हाही त्यांच्याबरोबर जायची. पाचटाचं पातं डोळ्याला लागलं की मुकादमाच्या ओळखीच्या दुकानातून थेंब यायचे. इथं खरा धोका आहे. पिकाच्या पात्यानं झालेल्या जखमेत पुष्कळदा बुरशी शिरते, तिला अँटिबायोटिक मलम काही करत नाही. त्या थेंबांत स्टिरॉइड असलं तर दोन दिवस बरं वाटतं आणि आत फूल पडतं. मग तो डोळा परत येत नाही.

म्हणून आपल्या पिढीतल्यांना एवढंच सांगणं. घरातली अर्धी ट्यूब काढून बघा. उघडून महिना झाला असेल तर टाकून द्या, आणि दुसऱ्याची ट्यूब वापरू नका. त्वचेचं मलम डोळ्याजवळही नको. दुखतंय, उजेड सोसत नाही, दिसायला कमी झालंय, डोळ्याला मार लागलाय किंवा तान्ह्या बाळाचे डोळे आलेत, तर घरातलं काहीही न लावता त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. अंबाजोगाईला १९७४पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. डोळे तिथं तपासतात.